काळा घोडा: पाच मिनिटांच्या वाटेवरचं जग

मुंबईत जहांगीर कलादालनाच्या पायऱ्यांवर उभं राहावं आणि रस्ता ओलांडून रॅम्पार्ट रोच्या कोपऱ्यापर्यंत चालत जावं. रमतगमत गेलं तरी पाच-सात मिनिटं पुरतात. एवढ्याशा वाटेच्या आसपास काय काय घडलं, याची मनातल्या मनात उजळणी केली तरी थक्क व्हायला होतं. भारतात पहिल्यांदा सिनेमा दाखवला गेला तो इथं. हुसेन, रझा, सूझा या चित्रकारांच्या गटाने पहिलं प्रदर्शन भरवलं ते इथं. खेतवाडीतल्या माडीवर बसून निसर्गदत्त महाराज मराठीत जे बोलत, त्याचं 'आय अ‍ॅम दॅट' हे इंग्रजी पुस्तक १९७३ साली निघालं ते इथल्याच 'चेतना' या पुस्तकांच्या दुकानातून, आणि तिथून ते जगभर गेलं. आणि कोल्हापूरहून आलेला एक मराठी कवी वर्षानुवर्षं इथल्या एका रेस्टॉरंटच्या खिडकीशी बसून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. त्या बघण्यातून अख्खं पुस्तक झालं.

या भागाला काळा घोडा म्हणतात. पॅरिसला मोंमार्त्र, न्यूयॉर्कला ग्रिनिच व्हिलेज, तसं मुंबईला काळा घोडा. फरक एवढाच की तिथं कलावंत राहायलाही असत. इथं ते राहत नव्हते, यायचे. कुणी गिरगावातून, कुणी दादरहून, कुणी उपनगरातल्या खोलीतून लोकल पकडून. यायचे, बसायचे, भांडायचे, रात्री परत जायचे. वस्ती नसलेली अशी ही वस्ती आहे, आणि ती जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं, हा प्रश्न त्यामुळेच अवघड होतो.

आधी या जमिनीची गोष्ट. रॅम्पार्ट रो म्हणजे तटबंदीला लागून असलेला रस्ता. इंग्रजांच्या मुंबईला खरोखरची तटबंदी होती, तिला दरवाजे होते. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६० च्या दशकात, ती पाडली गेली. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तो सगळा पैसा मुंबईच्या बंदरातून वाहिला. विदर्भ-खानदेशच्या काळ्या मातीतल्या बोंडांनी मुंबईचं रूप पालटलं, असं म्हटलं तरी चालेल. तट गेला, मोकळी जमीन मिळाली आणि तिच्यावर दगडी इमारती उठल्या. बगदादहून आलेल्या ससून घराण्याने त्यात मोठा हात दिला. १८७० मध्ये डेव्हिड ससून वाचनालयाची वास्तू पुरी झाली. १८८४ मध्ये जवळच केनेसेथ एलियाहू हे सिनेगॉग बांधलं गेलं. आणि घोडाही ससूनांचाच. प्रिन्स ऑफ वेल्स १८७५-७६ मध्ये भारतात येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला भेट दिला. जोसेफ एडगर बोम यांनी तो घडवला आणि १८७९ मध्ये तो चौकात उभा राहिला. स्वार पुढे इंग्लंडचा सातवा एडवर्ड झाला, पण मुंबईकरांच्या लेखी तो नव्हताच. त्यांना दिसला तो फक्त काळ्या रंगाचा घोडा.

१९६५ मध्ये पुतळा हलवला. तो आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. घोडा गेला, चौक मात्र काळा घोडाच राहिला. गंमत म्हणजे या भागाचे सगळ्यात बहराचे दिवस घोडा गेल्यानंतरचे आहेत.

पण त्याआधी वॉटसन. एस्प्लनेड मॅन्शन नावाची जी जीर्ण इमारत तिथं दिसते, ती मुळात वॉटसन्स हॉटेल. इंग्लंडमध्ये ओतलेले बिडाचे खांब आणि तुळया जहाजाने इथं आणून १८६७ ते १८६९ च्या दरम्यान तिचा सांगाडा जोडला. रोलंड मेसन ऑर्डिश यांनी तो आखला होता. अख्खं हॉटेल सुट्या भागांत समुद्रावरून आलं! भिंतींवर भार नाही, सगळं वजन लोखंडाच्या सांगाड्यावर. पुढे जगभरच्या उंच इमारतींनी जे केलं, ते मुंबईत इतक्या लवकर उभं होतं. १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन या हॉटेलात उतरला. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिए बंधूंचा माणूस मारियस सेस्तिए याने इथं हलती चित्रं दाखवली. पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. ज्या देशाने नंतर सिनेमाचं वेड घेतलं, त्याने तो पहिल्यांदा पाहिला तो या लोखंडी घरात.

आता कलावंत इथं का जमले, याकडे येऊ.

एक कारण युरोपात आहे. हिटलरच्या छायेतून निसटून काही माणसं मुंबईला आली. व्हिएन्नाचे वॉल्टर लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कला संचालक झाले. रूडी फॉन लायडन कलासमीक्षा लिहू लागले. इमॅन्युएल श्लेझिंगर चित्रं विकत घेऊ लागले. चित्र कसं बघावं हे सांगणारा, त्यावर लिहिणारा आणि खिशातून पैसे काढणारा, असे तिघं एका शहरात एकाच वेळी असणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. त्यांच्यासमोर आले ते सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे. १९४७ मध्ये त्यांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप झाला. हुसेन सिनेमाची पोस्टरं रंगवून आलेले, आरा घरकाम आणि गाड्या धुण्याची कामं करून आलेले. १९४९ च्या जुलैत रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचं प्रदर्शन भरलं. देशाला स्वातंत्र्य मिळून दोन वर्षंही झाली नव्हती आणि ही पोरं चित्रकलेला नवीन जन्म देऊ पाहत होती. आज त्यांच्या एकेका चित्राला कोट्यवधींची बोली लागते, तेव्हा ही उमेदवारीची जागा आठवावी असं मला फार वाटतं.

१९५२ च्या जानेवारीत जहांगीर कलादालन उघडलं. सर कावसजी जहांगीर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ ते दिलं. कोणताही चित्रकार अर्ज करून, भाडं भरून जिथं आपली चित्रं टांगू शकेल अशी जागा शहराला मिळाली. प्रवेशद्वारावरचं ते काँक्रीटचं पातळ, लाटांचं छप्पर मान वर करून जरूर बघा. दुर्गा बाजपेयी यांच्या हातचं ते काम आहे, आणि सत्तर वर्षांनंतरही ते कालच ओतल्यासारखं ताजं वाटतं. आत, इमारतीच्या कडेच्या लांब अरुंद व्हरांड्यात, १९६४ मध्ये उषा खन्ना यांनी 'समोवार' सुरू केलं. एका बाजूला टेबलं, दुसऱ्या बाजूला शेजारच्या संग्रहालयाच्या बागेची हिरवळ. खिमा पराठा, दहीवडा, पुदिन्याचा चहा. ज्याचं प्रदर्शन आत लागलंय तो चित्रकार, ज्याचं लागलं नाही तो चित्रकार, नाटकवाले, पत्रकार, कॉलेजची पोरं, कोर्टातून सुटलेले वकील, सगळे एकाच लांबट खोलीत. जागा एवढी चिंचोळी की शेजारच्या टेबलावरचा वाद आपोआप आपला व्हायचा.

आणि समोरच, रॅम्पार्ट रोवर, 'वेसाइड इन'. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथं येऊन लिहीत बसत, अशी आठवण या भागात अजून सांगितली जाते. इथंच खिडकीशी अरुण कोलटकर बसायचे.

कोलटकरांबद्दल थोडं थांबून बोलावंच लागेल. जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेला हा माणूस पोटासाठी जाहिरातींचं आरेखन करायचा, त्या क्षेत्रात त्याचं नाव मोठं होतं. कविता मराठीतही, इंग्रजीतही. गुरुवारी दुपारी 'वेसाइड इन'मध्ये त्यांच्या मित्रांचा अड्डा भरायचा. घरी फोन नसलेल्या या कवीला गाठायचं तर ते टेबल हाच पत्ता. त्या टेबलावरून दिसायचा चौकातला तिकोनी ट्रॅफिक आयलंड, म्हणजे घोडा उठून गेल्यावर उरलेली जागा. तिथं गाड्या लागत आणि गाड्या नसतील तेव्हा माणसं राहत. कोलटकरांनी 'काळा घोडा पोएम्स' लिहिल्या त्या या माणसांच्या. सकाळी इडल्यांचं भांडं घेऊन येणारी बाई, तिच्याभोवती गोळा होणारे भुकेले, आणि काही वेळात सगळं आवरून पुन्हा रिकामा झालेला चौक. कचऱ्याच्या ढकलगाडीत उभी राहून कचरा तुडवणारी झाडूवाली. कुष्ठरोग्यांचा बँड. बटाटे सोलणारे.

त्यातलं पहिलंच पात्र एक भटका कुत्रा. पहाटे चौकात पसरलेल्या त्या कुत्र्याला स्वतःच्याच अंगावरच्या ठिपक्यांत जुन्या मुंबईच्या सात बेटांचा नकाशा दिसतो. कुत्रा आपली वंशावळ सांगतो: एक धागा जातो युधिष्ठिराच्या मागे हिमालय चढलेल्या कुत्र्याकडे, आणि दुसरा बार्टल फ्रिअरने विलायतेहून मागवलेल्या शिकारी कुत्र्यांकडे. तट पाडणारा तोच गव्हर्नर, महाभारताच्या शेजारी, एका रस्त्यावरच्या कुत्र्याच्या रक्तात! शहराचा इतिहास इतक्या थोडक्या जागेत बसवलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर डेव्हिड ससूनचा दगडी चेहरा आहे. कोलटकरांनी त्यालाही बोलतं केलं आहे.

पुस्तक २००४ मध्ये आलं, अशोक शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशना'कडून. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कोलटकर गेले. इंग्रजीतल्या कवितांचं हे पुस्तक छापणारा प्रकाशक मराठी लघुनियतकालिकांच्या चळवळीतला होता, १९६३ मध्ये 'असो' काढणारा. या पुस्तकाच्या बऱ्याच आधी, १९७६ मध्ये, कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गिव्ह पटेल यांनी मिळून 'क्लिअरिंग हाउस' काढलं होतं. कवींनीच कवींची पुस्तकं छापायची. 'जेजुरी' तिथूनच आली आणि पुढच्या वर्षी तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. मोठ्या प्रकाशकांची वाट न बघता चार मित्र टेबलाभोवती बसून ठरवतात आणि पुस्तक निघतं, हे ज्या भागात शक्य होतं त्या भागाचं मला अप्रूप वाटतं.

का शक्य होतं? कलावंतांची प्रतिभा वगैरे कारणं सगळे देतात. मला मोलाचं वाटतं ते फार रुक्ष कारण आहे: १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. त्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. शहर महाग होत गेलं, पण कायद्याच्या छत्राखालच्या जुन्या दुकानांची, कार्यालयांची, खानावळींची भाडी जवळपास तिथंच थांबली. भाडं कमी असलं की हॉटेलवाल्याला टेबल तासाला चार वेळा रिकामं करायची घाई नसते. एक चहा घेऊन माणूस तीन तास बसला तरी त्याला कुणी उठवत नाही. कविता या तीन तासांत होते, वाद या तीन तासांत रंगतो. त्यात भर म्हणजे चालत जाता येईल एवढ्या अंतरावर उच्च न्यायालय, विद्यापीठ, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, जाहिरात कंपन्या आणि जे.जे. म्हणजे कवीला नोकरी, चित्रकाराला गिऱ्हाईक आणि दोघांना भांडायला माणसं, सगळं पायी.

त्याच कायद्याची दुसरी बाजूही इथंच दिसते. ज्या घरमालकाला भाड्यातून काही सुटत नाही, तो दुरुस्ती कशाला करेल? वॉटसनची इमारत खोल्या-खोल्यांत विभागली गेली, वकिलांच्या कचेऱ्यांनी भरली आणि गंजत राहिली. २००५ मध्ये तिच्या सज्ज्यांचा भाग कोसळला. जागतिक स्मारक निधीने जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचं नाव घातलं. २०१९ मध्ये ती रिकामी केली गेली आणि पाडायची की वाचवायची हा वाद न्यायालयात पोचला. एकाच कायद्याने चहा स्वस्त ठेवला आणि लोखंड गंजू दिलं. काळा घोडा समजून घ्यायचा तर या दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात. एकीलाच धरून नुसतं हळहळणं किंवा नुसतं कौतुक करणं, दोन्ही अपुरं पडतं.

मग जपणूक सुरू झाली. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली, देशातली अशी पहिली. इमारतींना श्रेणी मिळाल्या. परवानगीशिवाय दर्शनी भागाला हात लावायचा नाही, असा दंडक आला. १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली, आणि १९९९ पासून वर्षाच्या सुरुवातीला नऊ दिवसांचा कला महोत्सव भरू लागला. तो सगळ्यांना फुकट खुला असतो आणि त्यातून उरलेला पैसा परिसराच्या देखभालीला लागतो. २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तूंना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्यात या भागातल्या इमारती आहेत. २०१९ मध्ये सिनेगॉग नव्या तेजाने उघडलं. त्याचा निळा रंग आणि काचेतून झिरपणारा उजेड आता पुन्हा पाहता येतो. ससून वाचनालयाचीही निगुतीने दुरुस्ती झाली. मधल्या काळात त्याच्या डोक्यावर घातलेला काँक्रीटचा सपाट स्लॅब काढून मूळचं उतरतं छप्पर परत आणलं गेलं. वरच्या सज्जातल्या आरामखुर्च्या बघितल्यात का? लांब हातांच्या, पाय पसरून पडायच्या. खाली वाहनांचा कल्लोळ, वर माणूस पुस्तक छातीवर ठेवून डुलकी घेतोय. वाचनालयाने दीडशे वर्षं ही मुभा दिली आहे.

२०१७ मध्ये चौकाला नवा घोडाही मिळाला, श्रीहरी भोसले यांनी घडवलेला. त्याच्या पाठीवर स्वार नाही. हा निर्णय मला अगदी योग्य वाटतो.

पण याच वर्षांत काय गेलं ते बघा. 'वेसाइड इन' २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बंद झालं आणि त्या जागी दुसरं रेस्टॉरंट आलं. १९६४ पासूनचं 'समोवार' मार्च २०१५ मध्ये बंद झालं. १९४० च्या दशकापासून रेकॉर्ड, कॅसेट, सीडी विकणारं, उभ्याने तासभर गाणी ऐकू देणारं 'ऱ्हिदम हाउस' २०१६ मध्ये मिटलं. म्हणजे वारसा नियमावली आली, महोत्सव सुरू झाला, कमानी घासूनपुसून लख्ख झाल्या आणि त्याच वीस-बावीस वर्षांत बसायच्या जागा एकामागून एक गेल्या. यात नियमावली चुकली असं नाही. दर्शनी भाग सांभाळणं हे तिचं काम, ते तिने केलं. तिच्या रकान्यांत कमानीला जागा आहे, कोरीव दगडाला आहे, लोखंडी कठड्याला आहे. एका चहावर तीन तास बसणाऱ्या माणसाला रकाना नाही.

आमच्या बीडजवळ नारायणगड आहे. नगद नारायणाचं ठाणं, लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. एकादशीला तिथं माणसं लोटतात. तिथल्या दगडाला माणसांनी धरून ठेवलं आहे, दगडाने माणसांना नाही, असं मला नेहमी वाटत आलं आहे. येणाऱ्याला कुणी विचारत नाही की किती वेळ बसणार. काळ्या घोड्याची जुनी रीत याच्याशी जुळणारी होती, फक्त तिथं देव नव्हता, चहा होता.

माणसांचं हे येणं-बसणं कायद्याने जपता येतं का? काही शहरांनी प्रयत्न केला आहे. ब्वेनोस आयरेसने १९९८ मध्ये कायदा करून शहरातल्या नामांकित जुन्या कॅफे-बारांची वेगळी यादी ठेवायला सुरुवात केली. तिथली टेबलं, तिथले नियमित येणारे, तिथं चालणारं गाणं-बजावणं हेही वारशात धरलं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१५ पासून तीस वर्षांहून जुन्या व्यवसायांची नोंदवही उघडली आणि त्यांना, शिवाय त्यांना दीर्घ भाडेकरार देणाऱ्या घरमालकांनाही, अनुदान देऊ केलं. हा दुसरा मुद्दा मला फार शहाणपणाचा वाटतो. भाडं गोठवून घरमालकाला उपाशी ठेवलं की काय होतं ते वॉटसनने दाखवलंच आहे. इथं घरमालकाच्याही पदरात काही पडतं, आणि चहावालाही टिकतो. व्हिएन्नाची कॉफीगृहसंस्कृती २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. तिथं एक कॉफी मागवून पेपर वाचत दुपार काढणं हाच वारसा मानला आहे.

मुंबईला हे करता येईल, आणि त्यासाठी फार उशीरही झालेला नाही. 'चेतना' आहे. वाचनालयाच्या आरामखुर्च्या आहेत. जहांगीरबाहेरच्या पदपथावर चित्रं मांडून बसणारे चित्रकार आहेत. आत जागा मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, तोवर ते फुटपाथवरच गिऱ्हाइकाला समोर बसवून त्याचा चेहरा कोळशाने उतरवतात. यांपैकी कुणाचंही नाव श्रेणींच्या यादीत चढवायचं तर इमारतीचा नकाशा पुरणार नाही. कोण कधी येतं, कुठं बसतं, काय विकतं, किती वेळ थांबतं, हे लिहून घ्यावं लागेल. असं एक सर्वेक्षण या चौकाचं आधीच झालेलं आहे. कोलटकरांनी ते केलं, इडलीवालीच्या भांड्यापासून कुत्र्याच्या वंशावळीपर्यंत, एका रेस्टॉरंटच्या खिडकीतून आणि कुणी न सांगता. पालिकेच्या वारसा समितीने दुसरी यादी करायला घेतली, तर सुरुवात त्या पुस्तकापासून करावी.